घरात फ्रिज, दारात मोटार, तरी गरीब? अमेरिकेतल्या गरिबीची मराठवाड्याशी तुलना कशी मांडायची

मांजराकाठ (लातूर)

एम.ए. अर्थशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी विषय घेतलाय: श्रीमंत देशातली गरिबी आणि वर्गविषमता, तुलनेला मराठवाडा. आकडे उघड मिळतात म्हणून देश अमेरिका घेतला. तीन ठिकाणी अडलंय.

एक, तिकडं २०२३ साली ११.१ टक्के, म्हणजे ३ कोटी ६८ लाख लोक गरीब होते असं सरकारच सांगतं. चौघांच्या कुटुंबाची गरिबीची रेषा वर्षाला ३२,१५० डॉलर. बाजारभावानं रुपये केले तर वर्षाला सत्तावीस लाखांच्या घरात जातं. रेणापूर तालुक्यात एवढ्या उत्पन्नाच्या माणसाला गरीब म्हणालो तर तोंडी परीक्षेत हसूच होईल.

दोन, आमचे मार्गदर्शक सर म्हणतात, घरात फ्रिज, दारात मोटार असणारा गरीब कसा? उत्तर सुचत नाही.

तीन, साठ घरांची प्रश्नावली करायची आहे. उत्पन्न विचारायचं की खर्च? उत्पन्नाचा दाखला पुरावा म्हणून जोडला तर चालेल का?

जाणकारांनी मार्ग दाखवावा.

दुधनाकाठ (जालना)

आधी दुरुस्ती. ११.१ टक्के आणि ३२,१५० डॉलर एका ताटात वाढू नका. टक्केवारी जनगणना विभागाच्या रेषेवरून निघते आणि ती २०२३ ची आहे. ३२,१५० ही तिथल्या आरोग्य खात्याची २०२५ ची मार्गदर्शक रक्कम. कोण कुठल्या योजनेत बसतो ते तिच्यावरून ठरवतात. दोन्ही एकाच कुळातल्या, पण एक नाहीत. परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतील.

रेषा आली कुठून ते पहिल्या प्रकरणात यायलाच हवं. सामाजिक सुरक्षा खात्यातल्या मॉली ओर्शान्स्की यांनी १९६३-६४ मध्ये ती आखली. १९५५ च्या आहार पाहणीत कुटुंबांच्या करानंतरच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर जाताना दिसला होता. म्हणून शेती खात्याचा सगळ्यात काटकसरीचा आहारखर्च घेतला आणि तिनानं गुणला. १९६९ मध्ये सरकारनं ती अधिकृत केली. त्यानंतर आकडा महागाईप्रमाणे वाढत आला, पण हिशेबाची रीत बदलली नाही. मधल्या काळात घरभाडं, दवाखाना, पाळणाघर यांचे खर्च कुठल्या कुठं गेले. आज तिथल्या सर्वसाधारण घराचा खाण्यावरचा हिस्सा तिसऱ्यापेक्षा बराच कमी आहे. म्हणजे त्याच न्यायानं आज रेषा आखली तर ती वर सरकेल. शिवाय ही रेषा देशभर एकच आहे, मिसिसिपीतलं खेडं असो की सॅन फ्रान्सिस्को.

दुसरं, ही अधिकृत मोजणी फक्त करापूर्वीचं रोख उत्पन्न धरते. अन्नसाहाय्य आणि करातून मिळणारा परतावा त्यात नाही. म्हणून २०११ पासून पूरक मोजमापही प्रसिद्ध होतं. त्यात मदत मिळवतात, कर, दवाखाना आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च वजा करतात आणि घरभाड्याचा स्थानिक भाव धरतात. प्रबंधात हेच वापरा. त्यातला एक आकडा सोडू नका. २०२१ मध्ये मुलांसाठीची करसवलत तात्पुरती वाढवली होती: सहा वर्षांखालच्या मुलामागं वर्षाला ३,६०० डॉलर, मोठ्यांना ३,०००, आणि त्यातली निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा खात्यात. त्या वर्षी मुलांमधली गरिबी या मोजमापानं ५.२ टक्क्यांवर आली. सवलत संपली आणि २०२२ मध्ये ती १२.४ टक्के झाली. एका वर्षात आईबाप आळशी झाले असं तर कोणी म्हणणार नाही. गरिबी किती ठेवायची हे बऱ्याच अंशी सरकार ठरवतं, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणं अवघड.

आता रुपयांचं. बाजारातला विनिमय दर इथं लावायचाच नाही. क्रयशक्तीचा दर घ्या, म्हणजे तिथं एका डॉलरला जेवढं येतं तेवढंच इथं घ्यायला किती रुपये लागतात तो; तो डॉलरला साधारण वीस-बावीस रुपये पडतो. त्या हिशेबानं चौघांची रेषा वर्षाला साडेसहा-सात लाखांच्या आसपास येते. तरीही मोठीच वाटेल. म्हणून रक्कम रकमेला भिडवण्यापेक्षा त्या रकमेत काय बसतं ते दाखवा.

केंद्राचं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर, जुलै २००९ पासून तेवढंच. बऱ्याच राज्यांनी आपलं वाढवलंय, पण टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांत आजही हाच दर चालतो. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही खाडा नाही असं धरलं तर २,०८० तास. गुणाकार १५,०८० डॉलर. एकट्या माणसाची २०२५ ची रक्कम आहे १५,६५०. म्हणजे वर्षभर एक दिवस न चुकता राबणारा एकटा माणूसही रेषेखाली. पदरात दोन मुलं असली तर रक्कम होते २६,६५० आणि पगार तोच. हॉटेलात वाढप्याचं काम करणाऱ्याला तर मालकानं द्यायचं किमान वेतन २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून. बाकी टिपेवर. टिप धरूनही ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकानं द्यावा असा कायदा आहे. पण तो मागायचा कोणी, कामावर उद्या बोलवायचं की नाही हेही मालकच ठरवतो.

सरांच्या फ्रिजचं उत्तर असं द्या: तिकडं भाड्याच्या घरात फ्रिज आणि शेगडी बहुधा घरमालकाचीच असते. भाडेकरूच्या मालमत्तेत ती मोजणं म्हणजे वसतिगृहातला पंखा विद्यार्थ्याच्या नावावर लावणं. आणि मोटारीचं म्हणाल तर बहुतेक गावांत एसटीसारखी बस नाही. काम पंधरा-वीस मैलांवर. मोटार बंद पडली की काम गेलं. ती ऐपतीची खूण नाही, कामावर टिकून राहायचा खर्च आहे. विमा, पेट्रोल, टायर, दुरुस्ती सगळं त्या पंधरा हजारांतूनच.

वर्गविषमतेला एकच ओळ पुरे: तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या आकड्यांनुसार वरच्या १० टक्के कुटुंबांकडं देशातल्या संपत्तीचा साधारण दोन तृतीयांश भाग आहे आणि खालच्या निम्म्यांकडं मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. शाळांचा जवळपास निम्मा पैसा स्थानिक पातळीवर, मुख्यतः मालमत्ता करातून येतो. त्यामुळं कुठल्या वस्तीत भाडं परवडतं यावर पोराला कसली शाळा मिळणार ते ठरतं.

कोरडवाहू (धाराशिव)

माहिती चांगली आहे, पण एवढी मदत फुकट मिळत असेल तर लोक कामाला कशाला जातील? आपल्याकडं बी तेच झालंय. मजूर मिळंना.

अंजली_ना (नांदेड)

कोरडवाहू दादा, फुकट कुठंय ते बघा. अन्नसाहाय्याला, म्हणजे तिथल्या 'स्नॅप'ला, धडधाकट आणि लहान मूल नसलेल्या माणसाला अट आहे: महिन्याला ८० तास काम किंवा प्रशिक्षण दाखवा, नाहीतर तीन वर्षांत फक्त तीन महिने मदत. कमावत्या गरिबाला मिळणारा मोठा कर-परतावा तर कमाई शून्य असेल तर शून्यच. घरभाड्याचं व्हाउचर पात्र असलेल्या चार घरांपैकी साधारण एकालाच मिळतं, बाकीची प्रतीक्षा यादीत. स्नॅपच्या कार्डावर साबण, डायपर, शिजवलेलं गरम अन्न घेता येत नाही.

खरी अडचण आळसाची नसून उताराची आहे, आणि मांजराकाठ, तुमच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण मला तरी हेच वाटतं. दोन मुलांची एकटी आई धरा. वर्षाला चोवीस-पंचवीस हजार डॉलर कमावते, स्नॅप आणि घराचं व्हाउचर दोन्ही आहे. तिचा पगार १०० डॉलरनं वाढला. त्यातले ७.६५ सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा, यांचे म्हणून कापले जातात. हे पहिल्या डॉलरपासून लागतात, गरीब कर भरत नाही ही समजूत चुकीची. व्हाउचर असलेल्याला उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं स्वतः भरावं लागतं, म्हणजे भाडं ३० नं वाढलं. स्नॅप २४ ते ३६ डॉलरनं घटतं: कमाईतले २० टक्के वगळून उरलेल्याच्या ३० टक्के, आणि भाड्याची वजावट मिळत असेल तर अजून जास्त. कर-परतावा या टप्प्यात २१ टक्क्यांनी उतरतो. बेरीज करा. शंभरातले वीसही हातात राहत नाहीत. एवढा उतार श्रीमंताच्या आयकरालाही नाही.

आणि काही ठिकाणी उतार नाही, सरळ कडाच आहे. मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेत, राज्यानं विस्तार केला असेल तर रेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उपचार मोफत. एक डॉलर वर गेलं की बाहेर. दहा राज्यांनी विस्तारच केला नाही, टेक्सास आणि फ्लोरिडा त्यात आले. तिथं उलटा पेच आहे. मेडिकेडसाठी उत्पन्न जास्त, आणि विम्याच्या अनुदानासाठी कमी, कारण अनुदान रेषेच्या १०० टक्क्यांपासून सुरू होतं. अधली मधली माणसं कशातच नाहीत. तातडीच्या वेळी दवाखान्यानं तपासून धोक्याबाहेर काढलंच पाहिजे असा १९८६ चा कायदा आहे, पण बिल मागाहून घरी येतंच.

अपंग आणि वृद्ध गरिबांना जी 'एसएसआय' मदत मिळते तिला बचतीची मर्यादा आहे: एकट्याला २,००० डॉलर, नवराबायकोला ३,०००. हे आकडे १९८९ पासून हललेले नाहीत. अडीनडीला पैसे बाजूला ठेवले की मदत बंद. मग अडीनडीला माणूस जातो कुठं, तर पगारावर उसने देणाऱ्या दुकानात. १०० डॉलरला दोन आठवड्यांचे १५ डॉलर. ऐकायला किरकोळ. पण वर्षात असे २६ पंधरवडे, म्हणजे वर्षाचा दर ३९० टक्के. आपल्याकडचा दहा टक्केवाला सावकार, महिन्याचा धरून, १२० टक्क्यांवर थांबतो. आणि तिथं हा परवानाधारक धंदा आहे बऱ्याच राज्यांत.

उचल_हिशेब (बीड)

वर दोघांनी अमेरिकेची बाजू भरपूर दिली. मी इकडची देतो.

उत्पन्नाचा दाखला अजिबात पुरावा म्हणून जोडू नका. तो योजनेच्या मापानं शिवलेला असतो. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबासाठी राज्यानं ठरवलेली मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,०००, शहरी ५९,०००. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. ४४,००० भागिले ३१२, १४१ दिवस. नवराबायको दोघांनी प्रत्येकी ७१ दिवस काम केलं तरी कुटुंब मर्यादेबाहेर. कागदावर नियम पाळला तर अख्ख्या तालुक्यात स्वस्त धान्याला कोण उरणार? म्हणून दाखल्यावर मर्यादेच्या आतला आकडा येतो आणि तलाठ्यापासून तहसीलपर्यंत सगळ्यांना ते माहीत असतं. त्याच घराला खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागेसाठी १ लाखाच्या आतला दाखला लागतो, अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला आणि लाडक्या बहिणीला अडीच लाखांच्या आतला, नॉन-क्रिमीलेयरला ८ लाखांच्या आतला. लाडक्या बहिणीला चारचाकी चालत नाही, ट्रॅक्टर चालतो. जुनी ओमनी घेऊन भाडं मारणारा अपात्र, नवा ट्रॅक्टर दारात असणारा पात्र. अंजलीताईंनी सांगितलेला कडा आपल्याकडंही आहे, फक्त आपण दाखल्यावरून उडी मारतो आणि तिकडं संगणक पगाराची स्लिप बघतो.

खर्च विचारा. आठवणीचा काळ वस्तूप्रमाणे बदला: भाजी, दूध, अंडी, मटण, तेल मागच्या ७ दिवसांचं; धान्य, डाळ, साखर, गॅस, मोबाइल रिचार्ज ३० दिवसांचं; कपडे, शाळेची फी, दवाखान्यात भरती, भांडी, लग्नकार्य ३६५ दिवसांचं. सगळं एकाच ३० दिवसांत विचारलं की ज्या घरात गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं ते श्रीमंत दिसतं आणि ज्यानं पोळ्याला कपडे घेतले नाहीत ते भिकारी. रेशनचं फुकट धान्य वेगळ्या रकान्यात घ्या, अंत्योदयाचे कार्डामागं ३५ किलो, प्राधान्यवाल्यांचे माणशी ५ किलो. त्याला बाजारभाव लावून एकदा मिळवा, एकदा न मिळवता बेरीज करा. अमेरिकेच्या अधिकृत आणि पूरक मोजणीतला फरक तुम्हाला इथं तसाच करून दाखवता येईल.

घर ऊसतोडीचं असेल तर 'उत्पन्न किती' या प्रश्नाला उत्तरच नसतं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल, म्हणजे मुकादमानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, एका नावावर, बहुधा नवऱ्याच्या. बाईची कमाई वेगळी दिसत नाही. त्यामुळं रकाने असे करा: घेतलेली उचल, हंगामात तोडलेले टन, खाडे किती आणि खाड्यामागं काय कापलं, मुकादमाच्या वहीत फिटलेली रक्कम, अंगावर राहिलेली बाकी. बैलगाडी असेल तर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, विक्रीचे पैसे वेगळे, डोकी सेंटरवाल्यांना, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्यांना, ते बहुधा नसतात. उचलीवर व्याज लिहिलेलं नसतं म्हणून ती बिनव्याजी समजू नका. ती मजुरीच्या दरातून, खाड्यातून आणि पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडं बांधला जाण्यातून वसूल होते. तिकडच्या पगार-उसनवारीशी तुलना करायची तर इथंच करा. तिथं किंमत दारावर टक्क्यांत टांगलेली, इथं ती वहीत कुठंच नाही.

मालमत्तेच्या यादीनं गरिबी मोजायची सवय आपल्यालाही आहे. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात १२ निकष आहेत, उत्पन्न त्यात नाही. मोटारसायकल, मोबाइल, फ्रिज यांतल्या एकाहून जास्त वस्तू घरात निघाल्या की त्या निकषावर घर वंचित राहत नाही. २०२३ च्या अहवालात महाराष्ट्रात ७.८१ टक्के लोक गरीब आहेत, ते या मापानं. सरांचा प्रश्न म्हणूनच चुकीचा नाही, फक्त अमेरिकेपुरता ठेवू नका.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. डोकं जरा ताळ्यावर आलं. पण प्रबंध फेब्रुवारीत द्यायचा आहे, म्हणजे पाहणी डिसेंबर-जानेवारीतच होणार. रेणापूरऐवजी बीडकडचा धारूर-वडवणीचा पट्टा घेतला तर?

उचल_हिशेब (बीड)

डिसेंबरात? गावं रिकामी असतील. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलला परततात. तुम्हाला म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडं ठेवलेली लेकरं भेटतील. खाणारी तोंडं कमी मोजली जातील, माणशी खर्च फुगेल, आणि कुटुंब आहे त्यापेक्षा बरं दिसेल. त्या पट्ट्यात पाहणी पेरणी उरकल्यावर, पोळ्याच्या आधी करावी.

अंजली_ना (नांदेड)

मग लातूर शहरच घ्या ना. तीस घरं आडत बाजारातल्या हमालांची, तीस शिकवणीच्या भागातल्या खानावळीत आणि वसतिगृहात भांडी-फरशी करणाऱ्या बायकांची. अमेरिकेशी तुलना उलट जास्त जुळेल. तिथले वाढपी, इथल्या खानावळीतल्या बायका, दोघांचीही गरिबी भरल्या बाजारातली. नीट आणि जेईईच्या पोरांमुळं त्या भागात खोल्यांना मागणी आहे, तिथं काम करणाऱ्या बाईला मात्र लांब राहावं लागतं. अमेरिकेत उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवर भाडं गेलं की 'भाराखाली', ५० वर गेलं की 'तीव्र भाराखाली' म्हणतात. तेच दोन टप्पे इथं लावा, पण भाड्यात डिपॉझिट मिसळू देऊ नका, ते वेगळं विचारा. कामावर जायचं रिक्षाभाडं भाड्याच्या शेजारच्या रकान्यात लिहा, कारण स्वस्त खोलीची उरलेली किंमत तिथं निघते.

विजेचं बिल विचारू नका, बहुतेकींच्या नावावर मीटर नसतं. सबमीटरचं मागचं आणि आजचं रीडिंग, आणि घरमालक युनिटला किती घेतो ते विचारा. तो सरसकट एकच दर लावत असेल तर महावितरणचा पहिल्या १०० युनिटांचा स्वस्त टप्पा त्या खोलीपर्यंत पोचतच नाही. हा फरक युनिटागणिक काढून महिन्याच्या भाड्यात मिळवा आणि मग टक्केवारी काढा.